फौजीचा ऊस आधी

"जुना गठ्ठा आजच रद्दीत गेला पाहिजे, रहिमान," शेती अधिकारी मानसिंगराव म्हणाले. "दोन-दोन प्रोग्रॅम ठेवले, तर कुणाची यादी खरी यावरून मारामाऱ्या होतील."

कॉम्प्युटर चालवणाऱ्या रहिमाननं कार्डांचा गठ्ठा छातीशी धरला होता. अठ्ठ्याहत्तर सालचा हंगाम, संक्रांत नुकतीच झालेली. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटरला ही भोकं पाडलेली कार्डं भरवली, की कुणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरायचं. जुना प्रोग्रॅम सकाळी लावावा, तर दिवेलागणीला उत्तर द्यायचा, तेही अडत-अडखळत. पुण्याहून आलेला नवा मात्र चहा निवायच्या आत मोकळा. शिवाय संचालकांच्या पाव्हण्यांचा ऊस पुढं सरकवायची सोय जुन्यात होती, नव्यात नव्हती. नवा फक्त ऊस पिकला का, एवढंच बघायचा. त्याचं रहिमानला मनापासून कौतुक होतं.

पण जुन्यात आणखी एक कार्ड होतं. ज्या घरचा माणूस फौजेत, त्याचा ऊस आधी. पुण्याच्या लोकांना जुनं काम समजावायला रहिमानच गेला होता, आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं. या मुलुखात ते कुणी कुणाला सांगत नाही. ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

"साहेब, पुण्याचा माणूस येऊन ते कार्ड नव्यात घालीपर्यंत जुन्यावरच चालवू."

"म्हणजे पाव्हणेही परत आले! तोडणीच्या टोळ्या दुपारी निघतायत. नवीच यादी लागेल."

गठ्ठा रद्दीवाल्याच्या पोत्यात पडला. फौजेचं तेवढं कार्ड रहिमाननं गुपचूप खिशात घातलं.

यादी लागली आणि घटकाभरात कुंडल गावची मनुबाई कॉम्प्युटरच्या खोलीच्या खिडकीशी आली. नवरा काश्मिरात, घरात आंधळी सासू.

"रहिमानभाऊ, माजी पाळी शिमग्यानंतर कशी वं? आवं, हिरीत घागर बुडंना. तवर उसाचं चिपाड हुईल!"

"नवं मशीन हाय, वैनी..."

"मग त्याला ठावं न्हाई व्हय, आमचं मानूस कुटं हाय त्ये?"

चूक मशीनची नव्हती, रहिमानची होती. आणि त्याच यादीत पहिल्या पानावर त्याच्या स्वतःच्या वीस गुंठ्यांचा नंबर होता. यादी लागताच त्याची बायको अकिला बांधावर टोळीची वाट बघत जाऊन बसली होती. राजीखुशीनं पाळी बदलली, तर कारखाना अडवत नसे.

"माजी पाळी तुमी घ्या," तो म्हणाला. "टोळी आजच ईल."

"आन तुमचा ऊस?"

"माज्या हिरीला पानी लय हाय," तो धडधडीत खोटं बोलला.

अकिला त्या रात्री त्याचं ताट झाकून ठेवून आधीच निजली.

सकाळी तो कामावर आला, तेव्हा खिडकीशी बायकांचा घोळका उभा होता. मनुबाईचा ऊस तुटल्याचं गावोगाव कळलं होतं. पुढं म्हातारी हरणाबाई होती.

"बाबा, माजी दोनी पोरं फौजंत हायती," ती म्हणाली. "आमाला बी दे की पाळी."

द्यायला आता त्याच्याकडं काही उरलं नव्हतं. तो खोलीत गेलाच नाही.

"चला," तो म्हणाला.

बायका मानसिंगरावांच्या बंद दाराशी रांगेनं उभ्या राहिल्या. खिशातलं कार्ड हातात घेऊन रहिमानही त्या रांगेत शेवटी उभा राहिला. त्याचाही ऊस आता रानात उभाच होता.