गाडीत जागा नाही म्हणे

बेत मुळात रॅन्डलचाच होता. जानेवारीत नदी काठाकाठाने गोठली होती, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि बहिणीला, वर्लीनला, हाक मारली.

"वर्ली, या उन्हाळ्यात लाकूडगाडीने डोंगरावर जायचं. खाली नदीकाठी तंबू ठोकू, सकाळी गाडी धरू, संध्याकाळी परत येऊन शेकोटी!"

लाकूडगाडी म्हणजे पूर्वी वरच्या जंगलातले ओंडके उतरवणारी वाफेची गाडी. ओंडक्यांच्या त्याच वाघिणींवर आता बाकं ठोकून माणसं नेतात. वेस्ट व्हर्जिनियाच्या या बाजूला वाढलेला माणूस एकदा तरी तिच्यात बसलेला असतो. रॅन्डलचं ते राहूनच गेलं होतं. आधी खाणीतल्या पाळ्या सुटल्या नाहीत, आणि मग खाणीचं छत त्याच्या कमरेवर कोसळलं. तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीत होता आणि वर्लीन आणि तिचा नवरा क्लीट यांच्या घरी राहत होता.

त्याला उठवणं, न्हाऊ घालणं, खुर्चीतून पलंगावर घेणं, सगळं वर्लीन करायची. कुरकुर तिने कधी केली नाही. चर्चमधल्या बायका तिचं कौतुक करायच्या, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचंही.

रॅन्डलचा बेत दिवसेंदिवस वाढत गेला. तंबू झाडाखाली हवा, पण खुर्ची रुतेल इतकी मऊ जमीन नको. लोखंडी भांड्यात राजमा शिजवायचा, मक्याचा पाव घरून न्यायचा, गाडीत खायला पेपरोनीच्या, म्हणजे तिखट सॉसेजच्या, चकत्या घातलेले पाव. तो बोलायचा आणि वर्लीन मनातल्या मनात हिशेब करत राहायची. तंबूत त्याला आडवं कसं करायचं? संडासापर्यंत न्यायचं कसं? घरी निदान भिंतीला धरायच्या दांड्या होत्या, तिथे काय? आपली सुट्टी म्हणजे हेच काम, फक्त चिखलात!

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी रॅन्डलने विचारलं, "गाडीवाल्यांना फोन केलास का गं? खुर्ची चालते का ते?"

वर्लीन त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. "केला," ती म्हणाली. "नाही म्हणाले. जुने डबे आहेत, खुर्ची चढत नाही."

तिने फोन केलाच नव्हता. असं काही बोलायचं तिने ठरवलंही नव्हतं. शब्द आपसूक बाहेर आले आणि मग ते परत घेता येईनात.

 रॅन्डल हसला. "घ्या! ओंडके चालत होते, मी नाही चालत." त्याने नकाशा घडी करून तिच्याकडे सरकवला. "तुम्ही दोघं जा. खाणीतला माझा ओटिस येऊन राहील माझ्याजवळ. तू परत येऊन मला सगळं नीट सांग, म्हणजे झालं."

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने उलट त्यांच्यासाठी तेवढ्याच हौसेने तयारी केली. सावलीतली जागा सुचवली, कंदील पुसून दिला, डोंगराकडची बाजू मिळावी म्हणून डब्यात कुठे बसायचं तेही सांगितलं. वर्लीन दरवेळी खरं सांगायला तोंड उघडायची आणि "कॉफी घेतोस का?" असं विचारून मोकळी व्हायची.

जूनमध्ये दोघं तीन दिवसांसाठी निघाली. पहिली रात्र नदीकाठी काढली. सकाळी स्टेशनवर आली, तर एका डब्याजवळ थोडी गर्दी होती. गवती हॅट घातलेल्या एका जाड्या म्हाताऱ्या बाई चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. यंत्राने वर सरकणाऱ्या एका लोखंडी फळीने खुर्चीसकट त्यांना उचललं, आणि त्या अलगद डब्यात गेल्या.

"अगं बाई, लग्नातसुद्धा मला कुणी असं उचललं नव्हतं!" त्या ओरडल्या आणि सगळे हसले.

"आणखी कुणी खुर्चीवाले?" गाडीवरच्या पोराने विचारलं. "जागा आहे अजून."

 क्लीटने फळीकडे पाहिलं, मग वर्लीनकडे.

गाडी सुटली. चढ फार म्हणून दर वळणावर दिशा बदलत, एकदा पुढे, एकदा मागे अशी डोंगर चढू लागली. धुराची काजळी गालावर बसत होती. शिट्टीच्या आवाजात क्लीट हळूच म्हणाला, "तू फोन केलाच नव्हतास ना?"

"नाही."

"का गं?"

"मला तीन दिवस कुणाला उचलायचं नव्हतं, क्लीट. फक्त तीन दिवस."

"मग मला सांगायचंस. मी उचललं असतं."

वर गार वारा होता, काळसर हिरवी झाडं होती, एकामागे एक निळे डोंगर होते. लोक फोटो काढत होते. वर्लीनला मात्र त्या बाईंची हॅट सोडून काही दिसलं नाही.

खाली उतरल्यावर ती तंबूकडे गेलीच नाही. क्लीटला तिथे सोडून तिने मोटार काढली आणि उन्हं कलायच्या आत घर गाठलं. रॅन्डल आणि त्याचा खाणीतला दोस्त ओटिस व्हरांड्यात पत्ते खेळत होते.

"एवढ्यात? काय झालं? क्लीट बरा आहे ना?" रॅन्डल घाबरून म्हणाला.

"बरा आहे." ती उभ्याउभ्याच म्हणाली, "रॅन्डल, खुर्ची चालते त्या गाडीत. मी फोन केला नव्हता. मी खोटं बोलले."

ओटिस पत्ते ठेवून मुकाट अंगणात गेला.

"मला न्यायचं नव्हतं तर तसं सांगायचंस," रॅन्डल म्हणाला. "कान शाबूत आहेत माझे. सुट्टी हवी म्हणाली असतीस तर तुझी बॅग मी भरली असती. पण तू मला काय सांगितलंस? जागा नाही! वर्ली, मी दोन महिने धरून चाललो होतो, की आता मला कुठेच जागा नाही."

"चल ना, आत्ता जाऊ. उद्याची गाडी मिळेल."

"तुझ्याबरोबर? नाही."

ती माफी मागत राहिली. त्याने खुर्ची वळवली आणि आत गेला. त्या रात्री पलंगावर घ्यायलाही त्याने तिला नाही, ओटिसला हाक मारली.

उन्हाळाभर तो तिच्याशी कामापुरतं बोलला. मीठ दे, दार लाव. गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि तिनेही काढला नाही. आपल्याला शिक्षा झाली असं तिला वाटायचं, आणि ती पुरेशी नाही असंही वाटायचं.

सप्टेंबर अखेर पानं पिकून डोंगर लाल व्हायला लागले तेव्हा रॅन्डलने स्वतः फोन केला. ओटिसबरोबर जायचं ठरलं. वर्लीनला कुणी काही विचारलं नाही. तिने पाव भाजले, औषधं बांधली आणि ओटिसला त्याला कसं धरायचं ते दोनदा करून दाखवलं.

निघताना ओटिसच्या ट्रकची काच खाली करून रॅन्डल समोर बघतच म्हणाला, "वर थंडी असते का गं?"

 "असते," ती म्हणाली. "वारा फार झोंबतो. थांब, क्लीटचं जाड जॅकेट आणते."

"आण," तो म्हणाला. "आणि जरा लवकर. गाडी थांबायची नाही आमच्यासाठी."

ती घरात धावली.