बत्तीस नंबरचा बिल्ला

वहिनीला दोन गोष्टींची भीती वाटायची. एक खोल पाणी आणि दुसरी बंद दार. मग वन्संनी तिच्या पासष्टाव्या वाढदिवसाला तिला काय द्यावं? बेटावरचा तुरुंग! बंदराची सैर आणि जुना तुरुंग, एकाच तिकिटात दोन्ही.

"अहो वन्सं, मी तुमचं काय वाईट केलं होतं?" तिकिटं हातात धरून वहिनीने विचारलं.

"एकदा बघून घे, म्हणजे भीती मोडेल," वन्सं म्हणाल्या. "आणि मी आहे ना बरोबर."

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, वन्संनी लग्नच केलं नव्हतं, आणि दोघी चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. त्याआधी एकतीस वर्षं दोघींनी एकाच कापडाच्या कारखान्यात, शेजारशेजारच्या मागांवर काढलेली. त्या कारखान्यात आवाज असा, की एकदा मागचं छप्पर कोसळलं ते मुकादमाला जेवणाच्या सुट्टीत कळलं. तोंडाने बोलायची सोयच नव्हती, त्यामुळे बायका हातांनी बोलायच्या. मुकादम आला, धागा तुटला, तुझ्या सासूचं काय झालं, सगळं हातांनी. वन्संनी आपल्या भावासाठी वहिनीला मागणी घातली तीसुद्धा दोन धावत्या मागांवरून, हातवारे करून. "विचार करून सांगते" असं उजव्या हाताने सांगताना वहिनीचं डाव्या हाताकडे लक्ष राहिलं नाही आणि मधलं बोट अर्धं मागातल्या धावत्या धोट्याने नेलं. अशा मुहूर्तावर जमलेलं लग्न. मोडणार कसं?

तर निघाल्या दोघी. बोट इतकी संथ, की मासे पुढे जायचे, थांबायचे आणि मागे वळून बघायचे. वन्सं वरच्या मजल्यावर वारा खात बसल्या. वहिनी खालच्या केबिनमध्ये खांबाला मिठी मारून, डोळे मिटून. पण कान कसे मिटणार? कर्ण्यातून गाईडचा आवाज येतच होता. तलवारकट मिशीचा, चाळिशीतला तो माणूस बोलायला लागला की समुद्रही गप्प बसायचा.

"...आणि मंडळी, तुरुंग बंद झाला त्या दिवशी सगळे कैदी मोजून बोटीत चढवले. एक मोजायचा राहिला! वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या कोठडीत. आजही संध्याकाळी चारच्या सुमाराला त्या खिडकीतून दोन हात बाहेर येतात. परतताना आपली बोट बेटाला वळसा घालते, तेव्हा बघा. दिसले तर दिसले!"

वरचे लोक खुशीत ओरडले. खाली वहिनीने खांब आणखी घट्ट धरला. मोजायचा राहिला. म्हणजे लोक निघून गेले, आणि तो आत!

बेटाच्या धक्क्यावर एक भलामोठा लाकडी फळा होता. त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला नंबर कोरलेला पितळी बिल्ला. पहारेकऱ्याने उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक दिला.

"जाताना आपापल्या खिळ्याला अडकवायचा," तो म्हणाला. "फळा भरला की सगळे परत आले. मग तीनदा भोंगा, आणि बोट सुटली. ही शेवटची खेप आहे, आमच्यासकट सगळे जातो. रात्री बेटावर कुत्रंसुद्धा नसतं. पंचवीस वर्षांत एकदाही चूक नाही!"

वन्संना एकतीस नंबर मिळाला, वहिनीला बत्तीस. वहिनीने बिल्ला हातात घेतला आणि न बघताच वन्संच्या पुढे केला. वन्संनीही न बघताच तो आपल्या पिशवीत टाकला. कारखान्याच्या फाटकावर असाच फळा होता. वहिनी वस्तू हरवण्यात पटाईत, म्हणून पहिल्या महिन्यापासून तिचा बिल्ला वन्संकडे. सुट्टी झाली की वन्सं दोन्ही अडकवायच्या, मग वहिनी मागून सावकाश का येईना. एकतीस वर्षांची सवय. हाताला सांगावं लागत नाही.

तुरुंगाच्या चौकात सगळे गोल उभे राहिले. गाईडने विचारलं, "कोणाला बंद खोलीची भीती वाटते का?"

वहिनीने मान खाली घातली. वन्संनी मात्र बोट दाखवलं.

"हिला! अहो, घरी आंघोळ करताना दाराला खुर्ची लावते ही. दार उघडं राहावं म्हणून! आणि कोणी येऊ नये म्हणून आत मोठ्याने गाणी म्हणते. खालचा चपलावाला गाण्यावरून वेळ ओळखतो."

सगळा चौक हसला. एक गलेलठ्ठ गृहस्थ तर हसता हसता खोकायला लागला. वहिनीचे कान तापले.

"वन्सं, शोभतं का हे तुम्हाला?"

"अगं, गंमत केली!"

"तुमची गंमत तुमच्यापाशी. परत जाताना तुम्ही वर बसा, मी खाली बसते. घरी पोचेपर्यंत तोंड दाखवू नका मला."

आणि ती तरातरा निघाली. कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं, पण रागावलेल्या माणसाला जिना दिसला की तो चढतोच. वर लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना कोठड्या. बहुतेक दारं काढून टाकलेली. एकच शाबूत होतं, अगदी शेवटचं, कोपऱ्यातलं. दार असं जाड, की त्याच्या जाडीत एखादा माणूस उभ्याने झोपला असता.

वहिनी उंबऱ्याशी थबकली. मग मनात आलं, आत जायचं. शंभर आकडे मोजायचे. बाहेर यायचं, आणि घरी गेल्यावर वन्संच्या तोंडावर सांगायचं. मग म्हण म्हणावं, खुर्ची लावते!

तिने उजव्या पायातली चप्पल काढून दाराच्या फटीत नीट खोचली. आत गेली. दगडी ओटा, उंचावर गजांची खिडकी, भिंतीवर कोणीतरी नखाने ओढलेल्या रेघा. एक, दोन, तीन... सतरा, अठरा... समुद्रावरून वारा आला. आधी हलका, मग दांडगा. बेचाळीसला चप्पल सटकली आणि बोळात दूर जाऊन पडली. त्रेचाळीसला दार लागलं.

तोफ उडावी तसा आवाज झाला. पाठोपाठ एक बारीकसा आवाज आला, "खट्." तो जास्त वाईट होता.

वहिनीने दार ढकललं. नखं घालून ओढलं. आतून कडी नव्हती. तुरुंगाच्या दाराला आतून कडी लावणारा सुतार अजून जन्मायचा आहे. तिने हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसता वारा बाहेर आला. मग एकदाचा आवाज फुटला.

"वन्सं! अहो वन्सं!"

दाराने तो सगळा पिऊन टाकला. खालून उतरत्या पायांचे, हसण्याचे आवाज आले. मग तेही विरळ झाले.

घाबरायचं नाही, तिने स्वतःला सांगितलं. फळा आहे ना. माझा खिळा रिकामा दिसेल. पहारेकरी म्हणेल, बत्तीस नंबर कुठाय? आणि शोधायला येतील. पंचवीस वर्षांत एकदाही... तिचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

तेव्हा तिला आठवलं. बिल्ला वन्संकडे होता! वन्सं फळ्यापाशी येणार, आणि त्यांचे हात दोन्ही बिल्ले अडकवून मोकळे होणार. बोटीवर वर बसतील आणि समजतील, वहिनी खाली फुगून बसलीय. तसं तिनेच तर बजावलं होतं.

भोंगा वाजला. एक.

"बत्तीस परत आलेला नाही हो!" वहिनी ओरडली. "बत्तीस आत आहे!"

दोन. तिने दारावर मुठी मारल्या, मग दुसऱ्या चपलेने मारलं, मग डोकं टेकलं.

तीन.

मग इंजिनाची धडधड. तीही हळूहळू लांब गेली आणि तुरुंगात अशी शांतता पसरली, की वहिनीला आपल्या डोळ्यांची उघडझाप ऐकू यायला लागली. छत खाली सरकल्यासारखं वाटत होतं. दुसरी खेप उद्या सकाळी, म्हणजे अख्खी रात्र इथे. या अंधारात, त्या मोजायच्या राहिलेल्याबरोबर. भिंतीवरच्या रेघांकडे बघायचं तिने टाळलं, आणि म्हणूनच बहुतेक त्या जास्त दिसल्या.

आणि तो चारच्या सुमाराला येतो. तिने घड्याळ पाहिलं. चारला पाच कमी.

जागच्या जागी ती थिजली. मग थिजलेल्या डोक्यात एकच शब्द हलला. वळसा. बोट बेटाला वळसा घालते! ही खिडकी समुद्राकडची. म्हणजे बोट अजून इथून जायची आहे.

गुडघे म्हणाले, जमणार नाही. वहिनीने त्यांचं ऐकलं नाही. ओट्यावर एक पाय, मग भिंतीचा आधार, मग दुसरा. खिडकीची कड हनुवटीला लागली. खाली हिरवंकाळं खोल पाणी. एरवी तिला भोवळ आली असती. आता ती त्या पाण्यावर डोळे लावून उभी राहिली, आणि कोपऱ्यावरून बोटीचं नाक दिसलं.

"वन्सं!"

वारा तिच्याच तोंडावर येत होता. हाक परत आत. बोटीवरचा कर्णा मात्र साफ ऐकू येत होता. "आता मंडळी, उजवीकडे बघा. वरचा मजला, कोपऱ्यातली खिडकी..."

वहिनीने दोन्ही हात गजांतून कोपरापर्यंत बाहेर काढले.

बोटीवर जी किंकाळी उठली, तिने म्हणे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या घड्याळाचे काटे पाच मिनिटं पुढे सरकवले. सगळे एका अंगाला धावले आणि बोट कलली. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. हात हलवायला लागले, फोटो काढायला लागले. खेळाचा भाग समजले! एकटा गाईड गप्प झाला होता. कर्ण्यातून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, कारण ती गोष्ट त्याने त्याच सकाळी दात घासताना रचली होती.

बोट पुढे सरकत होती. वहिनीने हात हलवले तर लोक अजून जोरात हात हलवायचे. वरच्या मजल्यावर कठड्याशी वन्संचा पांढरा अंबाडा दिसत होता, पण वन्सं बघत होत्या कुठे, ते कळत नव्हतं. आणखी थोडंसं, की बोट कोपऱ्याआड.

आणि मग वहिनीच्या हातांनी हलायचं थांबवून बोलायला सुरुवात केली.

आधी पालथ्या मुठीवर दोनदा थाप: धोटा अडकला. मग अंगठा आणि बोटाचं वर्तुळ: बिल्ला. मग वाकडी तर्जनी, खिळ्यावरून काहीतरी काढून घ्यावं तशी: उतरवा. अडकला. बिल्ला. उतरवा. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं, त्यामुळे तिचं बोलणं कारखान्यात लांबूनही ओळखू यायचं. जरा तोतरं.

कठड्यावरचा पांढरा अंबाडा ताठ झाला.

वन्संचे दोन्ही हात वर गेले. मग बोलले: "तू? आत?"

"आत! मी! दार!"

"माग बंद करते!" असं हातांनी सांगून वन्सं वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. पुढचं वहिनीला नंतर कळलं. वन्संनी गाईडच्या हातातून कर्णा हिसकावला आणि अशी आरोळी ठोकली, की चालकाने इंजिन बंद करून हात वर केले.

वहिनीला एवढंच दिसलं, की बोट थांबली. मग वळली. तेव्हा मात्र गुडघ्यांनी जाब विचारला आणि ती भिंतीला घासत ओट्यावर बसली. दार अजून बंदच होतं. ती आकडे मोजत राहिली, चव्वेचाळीसपासून पुढे. सातशे अकराला बोळात पावलं वाजली.

"वहिनी! अगं ही तुझी चप्पल! कुठल्या दारात आहेस?"

"एकच तर दार आहे, वन्सं!"

बाहेर नुसता एक दांडा वर करायचा होता. तेवढ्याने ते दार उघडलं. वन्सं उंबऱ्यात उभ्या होत्या, अंबाडा सुटलेला, हातात चप्पल. मागे पहारेकरी, पंचवीस वर्षांचा अभिमान गिळलेला, आणि त्याच्या मागे गाईड, जो आत डोकावायला तयार नव्हता.

"मी अडकवला गं," वन्सं म्हणाल्या. "बघितलंसुद्धा नाही. हात गेला आणि अडकवला." मग त्यांनी हातानेच सांगितलं, छातीवर मूठ फिरवून. चूक झाली की मुकादमासमोर करायचा तो हात. मुकादमाला त्यांनी तो कधी मनापासून केला नव्हता.

वहिनीने चप्पल घेतली, पायात घातली आणि आधी उंबऱ्याबाहेर आली. बाकीचं नंतर.

धक्क्यावर पहारेकऱ्याने बत्तीस नंबरचा बिल्ला काढून वहिनीच्या हातात ठेवला. तिने तो स्वतः अडकवला. वन्संनी मात्र आपला एकतीस काढून मुठीत धरून ठेवला. वहिनीचे दोन्ही पाय बोटीत पडल्याचं डोळ्यांनी बघितलं, मग अडकवला. परतताना दोघी वर बसल्या, कठड्याशी, जिथून खाली थेट खोल पाणी दिसत होतं. वहिनीने वन्संचा दंड इतका घट्ट धरला होता, की त्या खुणा आठवडाभर गेल्या नाहीत.

भीती मोडली? छे. चांगली दुप्पट झाली. आंघोळीला अजूनही दार उघडंच असतं, गाणी अजूनही चालूच असतात. फक्त दाराला लावलेल्या त्या खुर्चीवर आता वन्सं बसतात, पाठ करून, विणकाम घेऊन. आणि गाण्यात मध्येच खंड पडला, की लगेच विचारतात, "वहिनी, आहेस ना?"