मधोमध ठिपका

सकाळपासूनचा सातवा हिराही वशरामकाकांनी खालच्या दर्जाच्या पुडीत टाकला, तेव्हा रसीला हिरे घासायचं आपलं चाक बंद करून त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

वराछाच्या त्या कारखान्यात तेहतीस वर्षं हिऱ्यांचा दर्जा काकाच ठरवत होते. हिरा चिमट्यात धरायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि आतला दोष हुडकायचा. बारीक तडा कडेला असेल तर अंगठीच्या पकडीखाली झाकला जातो. काळा ठिपका माथ्याखाली मधोमध असेल तर हिरा पडलाच म्हणायचा. काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेठसुद्धा फेरतपासणी करत नसत. पण गेले तीन दिवस चांगल्या चांगल्या हिऱ्यांत मधोमध ठिपका निघत होता. म्हातारा कुणाचा तरी राग आपल्यावर काढतोय, असं घासणारे उघड बोलू लागले होते.

रसीलाला हिरा पाहायला काकांनीच शिकवलं होतं. ती हळूच म्हणाली, "काका, जरा फिरवून बघा."

"आता तू मला शिकवणार?"

"तुमचंच तुम्हाला सांगतेय. हिऱ्यातला दोष हिऱ्याबरोबर फिरतो."

काकांनी हिरा फिरवला. पैलू फिरले, उजेड फिरला, ठिपका मात्र जागचा हलला नाही. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. भिंग बदलून पाहिलं, तरी ठिपका तिथेच. डोळाच गेला तर वशराम म्हणून मागे उरणार काय?

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. रसीलानंही तोंड उघडलं नसतं. पण काका उठले, तीन दिवसांच्या पुड्या घेऊन घासणाऱ्यांच्या खोलीत गेले.

"खोट माझ्या डोळ्यात आहे, तुमच्या हातात नाही. रसीला हे सगळं पुन्हा बघेल."

 घासणाऱ्यांतला म्हातारा कानजी म्हणाला, "आम्हाला वाटलं, सुनेशी भांडून येताय रोज." सगळे हसले, काकाही हसले. कानजीनं त्यांच्यासाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यावर उजेड धरला आणि भिंगातून आत पाहिलं. काकांना राहवलं नाही.

"कुठे आहे साहेब? कडेला की मधोमध?"

"मधोमध. मोतीबिंदू आहे. पण काढता येतो."

मधोमधचा दोष काढता येतो, हे काकांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.