घरातलं गिऱ्हाईक

जुन्या गाड्यांचा धंदा करणारा माणूस देव भेटला तरी आधी त्याच्या पाठीवर ठोकून बघेल. मोटारवाले त्यातलेच. गाडी कितीही चकचकीत असो, ते बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक करणार. आवाज बद्द आला की समजायचं, रंगाखाली पुट्टी आणि पुट्टीखाली गंज. धंद्यात ही खोड कामाची, पण ती त्यांच्याबरोबर घरीही यायची.

लेकीला कॉम्प्युटरच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. एक टेकडीवरचं, नवं, सगळं काचेचं. दुसरं नदीकाठचं, जुनं. कुठलं ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं, नाहीतर दोन्ही जागा हातच्या जायच्या. आणि लेक कधीपासून उठता-बसता काचेच्याचे गोडवे गात होती.

"बाबा, तिथली लॅब बघाल तर थक्क व्हाल!"

"जिथं तारीफ फार, तिथं गंज फार," मोटारवाले म्हणाले आणि तिला गाडीत घालून दोन्ही ठिकाणं बघायला निघाले.

काचेच्या इमारतीत स्वागताला बसलेल्या बाई साखरेत घोळून बोलत होत्या. "या ना काका, सरबत घेणार?" काकांनी सरबत घेतलं आणि भिंतीवर टकटक केली. पोकळ.

"बाबा, लोक बघताहेत!"

"बघू देत. पोकळ ती आहे, मी नाही."

पण ती थक्क करणारी लॅब समोर असताना लेक सारखी घड्याळ बघत होती. हे त्यांनी मनात टिपून ठेवलं.

नदीकाठच्या कारकुनानं मानही वर केली नाही. "बघायचं तर बघा. लॅब वर आहे." मोटारवाले खूश. ज्याला विकायची घाई नाही, त्याचीच गाडी चांगली निघते. वरच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर पोट उघडून टेबलांवर पडले होते आणि पोरं एका पडद्यापुढे तावातावानं भांडत होती. लेकीनं काहीतरी विचारलं. विस्कटलेल्या केसांच्या प्राध्यापिका म्हणाल्या, "प्रश्नच चुकलाय तुझा. परत विचार." लेकीचे कान लाल झाले. तिनं परत विचारलं. मग दोघी खडू घेऊन फळ्यापाशी गेल्या, आणि बाप नावाचा प्राणी दारात ताटकळतोय हे लेक साफ विसरली.

गाडीत बसल्यावर तिनं नाक मुरडलं. "कसलं ते जुनाट! छताला ओल, खुर्च्या मोडक्या. काचेचंच बरं, नाही?"

मोटारवाल्यांच्या डोक्यात टकटक झाली. ज्याला गाडी हवीच असते, तेच गिऱ्हाईक टायरला लाथ मारतं आणि रंगाला नावं ठेवतं. म्हणजे पोटची पोर त्यांच्याशी सौदा करत होती!

"बरं तर," ते म्हणाले. "काढ फोन. काचेचंच कळवून टाक."

फोन निघाला. बोट मात्र पडद्यावर टेकेना.

"आत्ताच?"

"मग काय पुढच्या जन्मी?"

तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि डाव जिंकूनही मोटारवाल्यांना काही गोड लागेना. "सरळ सांगायला काय झालं होतं?"

"सरळ? मला जे जे आवडलं ते तुम्ही ठोकून बघितलंत, बाबा. सायकल, मैत्रीण, नाचाचा क्लास. सगळ्यात तुम्हाला गंज सापडला. मग मी उलटं बोलायला शिकले."

मोटारवाल्यांनी स्टिअरिंगवर टकटक केली. "आणि नदीकाठच्यात गंज निघाला तर?"

"निघू दे. मी खरवडून काढीन."

हा आवाज बद्द नव्हता. "कळव," ते म्हणाले. तिनं नदीकाठचं कळवलं.

घर जवळ आलं तशी खोड पुन्हा जागी झाली. "पण ही युक्ती तुला शिकवली कुणी?"

लेक खिडकीबाहेर बघू लागली.

दारात बायको उभी. चेहरा कसा धुतल्या तांदळासारखा. "ठरलं ना काचेचं? मी तर तेच म्हणत होते."

मोटारवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागच्या नव्या सोफ्याकडे पाहिलं. 'जुनाच छान आहे, नवा मुळीच नको' असं ही किती दिवस घोकत होती, आणि संशय येऊन त्यांनीच जुना मोडीत काढला होता. पडद्यांचंही तसंच. आणि फ्रीजचं?

"आज बाहेर जेवायला नको हं," बायको म्हणाली. "घरचंच बरं."

मोटारवाल्यांनी खिशात टाकलेली गाडीची किल्ली मुकाट्यानं परत बाहेर काढली.