गावात जन्मलेली बाई

बालवाडीची जागा कोकिळालाच मिळणार, याबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. राज्याच्या हद्दीकडच्या, तळेगावजवळच्या त्या खेड्यात मॅट्रिक झालेली बाई ती एकटीच. पण अठ्ठ्याहत्तर साली वरून हुकूम आला : परप्रांतीयांचे लोंढे रोखा, नोकरी इथे जन्मलेल्यांनाच द्या.

कोकिळाचं माहेर पांढुर्णा. बोली तीच, भाकर तीच. मध्ये फक्त मध्य प्रदेशाची हद्द.

"तुम्ही परप्रांतीय," मुलाखतीला आलेले साहेब म्हणाले.

"मी इथली सून आहो, साहेब."

सासू देवकाबाई उसळली, "वाजतगाजत आणलं तिले! चोरून नाई आली थे."

"लोंढा वाजत आला तरी लोंढाच, आजी."

"मंग मीबी लोंढाच. मी मुलताईची, तिकडलीच!"

साहेबांनी विचारलं, गावात जन्मलेली बाई कोण? जमलेल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. गावातल्या गावात सोयरीक करायची रीत नव्हती.

"जन्मल्या त्या गेल्या, साहेब," सरपंच चंद्रभान म्हणाले. "आहेत त्या आलेल्या." आपणही मामाच्या घरी, पांढुर्ण्यातच जन्मलो, हे मात्र ते बोलले नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, हीही रीतच होती.

शेवटी चंद्रभानच्या धाकट्या लेकीला, नलूला जागा मिळाली. ती सातवी नापास होती, पण जन्म पक्का गावातला. वैशाखात तिचं लग्न झालं आणि ती पांढुर्ण्याला गेली. तिकडे तीही परप्रांतीय झाली. बालवाडीला कुलूप लागलं.

त्याच सुमारास कोकिळाला दिवस गेले. सातव्या महिन्यात भाऊ न्यायला आला, तर देवकाबाई दारात आडवी.

"नाई धाडत. बाळंतपण इथंच होईन."

"काऊन, मावशी? रीत आहे न!"

"रीतीनंच घात केला, बापू. तू चहा पेऊन जाजो."

पुढच्या मुलाखतीला कोकिळा लेकीला कडेवर आणि सासूला सोबत घेऊनच गेली.

"स्थानिक उमेदवार आहे, साहेब. इथंच जन्मली."

"शिक्षण?" साहेबांनी सवयीने विचारलं.

"शिकून राह्यली," देवकाबाई म्हणाली. "तवर मायले बसू द्या तिच्या जाग्यावर."

साहेबांनी बराच विचार केला. अज्ञान वारसाच्या वतीने पालक शेत सांभाळतो, मग बालवाडी का नाही? उमेदवार सज्ञान होईपर्यंत कोकिळाची नेमणूक झाली.

सज्ञान झाली की लेकीचं लग्न होणार आणि तीही गावाबाहेर जाणार, मग जागेवर हक्क सांगायला कोणी उरणार नाही, हे साहेबांच्या ध्यानात आलं नाही. कोकिळाच्या आलं होतं. तिने लेकीचं टोपडं सरळ केलं आणि बालवाडीची किल्ली मागून घेतली.