पळी उभी राहीपर्यंत

मी एका बेकरीतला जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझं अंग बिडाचं आहे, डोक्यावर पितळेचं पसरट पारडं आहे आणि पोटावर काचेआड गोल तबकडी आहे. तिच्यावरचा काळा काटा आजही पाच ग्रॅमचा फरक दाखवतो. उगाच फुशारकी मारत नाही. कुणीही यावं आणि एक लिंबू ठेवून बघावं.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, तेव्हा एका चष्मेवाल्या कारागिराने माझ्यावर एकामागून एक अठरा वजनं ठेवून पाहिली. सतराव्याला मी किंचित चुकलो. दुसरा कुणी असता तर त्याने मला भंगारात टाकलं असतं. याने स्क्रू अर्धा वळसा फिरवला, पुन्हा पहिल्यापासून सगळी वजनं ठेवली आणि म्हणाला, "आता खोटं बोलून दाखव बरं!" तेव्हापासून आजतागायत मला ते जमलेलं नाही.

एका बेकरीवाल्याने मला आणलं. त्याला दोन मुलं. थोरला मुलगा, त्याला सगळे दादा म्हणत. त्याच्यामागून बारा वर्षांनी झालेली मुलगी. तिचं खरं नाव मला ठाऊकच नाही, कारण दादाने तिला लहानपणी ‘ठमी’ म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. वडील थकल्यावर बेकरी दादाने सांभाळली आणि ठमीला हाताखाली घेतलं. सकाळी भट्टी पेटली की दादा पीठ माझ्या पारड्यात ओतायचा, बोटाने काचेवर टकटक करायचा आणि म्हणायचा, "बोल, महाराज!" मी बोलायचो. काय दिवस होते ते!

आमच्याकडे पाव, बिस्किटं, केक सगळं होत असे. पण नाव होतं ते आलुबुखारांच्या टार्टचं. खुसखुशीत पिठाची वाटी आणि तिच्यात आलुबुखारांचा जांभळा, दाट गर. वडिलांनी दादाला शिकवलेला, दादाने ठमीला. यात दादाचा एक कडक नियम होता. फळ साखरेसकट मंद आचेवर इतकं आटवायचं की पळी गरात खोचून हात सोडला, तरी ती उभी राहिली पाहिजे. "पळी पडली तर तू नापास," असं तो ठमीला दरडावायचा. पहिल्या वर्षी ती नऊ वेळा नापास झाली आणि दोनदा भांड्यात रडली. दादा म्हणाला, "रडून गर पातळ करू नकोस."

मग एक दिवस बशीएवढा चपटा, आकडे लुकलुकवणारा काटा आला. त्याला पुसायला सोपं, ठेवायला जागा कमी. सगळे त्याच्यावर खूश. मला उचलून वरच्या फळीवर, गंजलेल्या केकच्या साच्यांशेजारी बसवलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. माझ्या पारड्यात पिठाची धूळ साठत गेली आणि माझा काटा शून्यावरून सरकून वीस ग्रॅमवर जाऊन बसला. दिवसभर कुणाचं वजन न करता मी वीस ग्रॅम दाखवत होतो. पण नजर शाबूत होती. खाली काय चाललंय ते सगळं दिसायचं.

दादा वाळायला लागला ते मीच पहिल्यांदा पाहिलं. माणसाचं वजन मला कुणी विचारत नाही, पण कळतं. तो पाण्याचे जग रिकामे करायचा आणि पुन्हा तहान तहान करायचा. शेवटी वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मधुमेह निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गोळ्या वेळेवर, चालणं रोज, आणि खाणं मोजून." पण दादाने त्यातलं काय ऐकलं, तर "गोड बंद." घरी जाताना तो बेकरीत आला, ओट्याकडे बघून म्हणाला, "ज्याला चाखता येत नाही त्याने करू नये," आणि गेला तो गेलाच.

पाच महिने तो आला नाही. घर मागच्याच गल्लीत, हाकेच्या अंतरावर. वहिनी पाव न्यायला आली की सांगायची, "काय सांगू तुला! सकाळपासून रेडिओ खोलतात आणि पुन्हा जोडून ठेवतात. भाजी आंबट, चहा कडू, मी वाईट. भट्टीचा वास आला की खिडकी लावून घेतात." ठमी ऐकून घ्यायची आणि पिठावर जरा जास्तच जोराने मुठी मारायची. बेकरी तिने एकटीने चालवली असती, हात तयार होता. पण दादाशिवाय तिला तिथे करमत नव्हतं. तिला तिचा दादा परत हवा होता.

म्हणून तिने ठरवलं, की दादाला खाता येईल असा टार्ट करायचा. मैद्याच्या जागी तिने बदामाचं पीठ घेतलं. पहिल्या वाट्या भट्टीतून काढल्या आणि फुंकर घातली तर भुगा झाला. मग अंडं घातलं, लोणी गार करून घातलं, आणि चौथ्या खेपेला वाटी उभी राहिली. गरात साखरेचा कणसुद्धा नाही. फक्त आलुबुखार आणि दालचिनी. मात्र आटवला तो पळी उभी राहीपर्यंत. साखर नाहीच म्हटल्यावर हात थोडा सैल सोडून तिने चपट्या काट्यावर शंभर ग्रॅम गर मोजला, वाटीत भरला आणि वहिनीबरोबर घरी पाठवला.

दोन तासांनी वहिनीने दादाच्या बोटाला सुई टोचली. रक्तातली साखर दोनशे तीस. डॉक्टरीणबाईंनी हद्द घालून दिली होती एकशे ऐंशीची. एक दिवस जाऊ दिला, पुन्हा टार्ट, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दोनशे अडतीस. वर फळीवर माझा जीव तुटत होता. मला कळत होतं काय चुकतंय ते! पण वजनकाट्याला पारड्यात काही पडल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा स्वतःच आला. मागोमाग वहिनी, चपला नीट न घालताच धावत. दादाने बेकरीच्या किल्ल्यांचा जुडगा ओट्यावर ठेवला.

"ठमे, बेकरी आजपासून तुझी. माझ्यावरचे प्रयोग आता बस झाले."

"अरे पण दादा..."

"साखर घालतेस आणि नाही म्हणतेस. मला बरं वाटावं म्हणून करतेस, कळतं मला. पण खोटं नको बोलूस गं माझ्याशी."

ठमीचा चेहरा पांढरा पडला. तिला दुसरं काहीही म्हटलं असतं तर चाललं असतं. "मी? खोटं?" ती म्हणाली. "बस इथे. त्या स्टुलावर बस. तुझ्या डोळ्यांदेखत करते. एक कण साखर दिसली तर जन्मात टार्ट करणार नाही."

तिने आलुबुखार धुतले, बिया काढल्या. भलंमोठं जाड बुडाचं पातेलं चपट्या काट्यावर ठेवलं. त्याचे आकडे दोनदा लुकलुकले आणि गप्प झाले. एवढं ओझं त्याला पेलेना.

"तो वरचा म्हातारा काढ," दादा म्हणाला.

मित्रांनो, मी! ठमीने मला खाली उतरवलं. दादाने स्वतःच्या बाहीने माझं पारडं पुसलं, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला आणि सवयीने काचेवर टकटक केली. आधी रिकामं पातेलं तोलून घेतलं, मग फळासकट. फळ बरोबर एक किलो. ठमीने पातेलं आचेवर चढवलं. दादा स्टुलावर हाताची घडी घालून बसला, डोळे पळीवर. साखरेच्या डब्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. तासाभराने पळी गरात ताठ उभी राहिली.

"पास," दादाच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने कपाळाला आठी घालून बोटभर गर चाखला. "साखर नाही घातलीस, हे बघितलं मी. मग एवढं गोड कसं लागतंय? ठेव परत काट्यावर."

माझा काटा फिरला आणि थांबला. पातेलं वजा केलं तर गर चारशे ग्रॅम. दादा काचेशी नाक नेऊन बघत राहिला.

"किलोभर होतं गं."

"आटलं ना."

"काय आटलं? पाणी आटलं. फळातली गोडी कुठे गेली?" त्याने पातेल्यावर बोट आपटलं. "कुठे जाणार? इथेच बसलीय सगळी! तू मला शंभर ग्रॅम देत होतीस, पण ते अडीचशे ग्रॅम फळ होतं, ठमे!"

"आणि त्याच्याआधी जेवणात पावाचे चार तुकडे," वहिनी दारातून म्हणाली. "ते माझ्याकडून."

ठमी मटकन खाली बसली. "पण पळी उभी राहिली पाहिजे, हे तूच तर शिकवलंस."

दादाही तिच्याशेजारी खाली टेकला. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हो गं. चूक माझीच, आणि मी तुलाच खोटारडी म्हटलं. लाज वाटते मला."

"राहू दे," ठमी नाक पुसत म्हणाली. "ऊठ, फळं चीर."

त्या दुपारी दोघांनी मिळून नवा गर केला. आंबटसर आलुबुखार निवडले आणि जेमतेम दहा मिनिटं शिजवले. लिंबाची साल किसून घातली, दालचिनी घातली आणि दाटपणासाठी चमचाभर चिया बी भिजवून घातलं. ठमीने पळी खोचून हात सोडला. पळी कलंडली आणि पातेल्याच्या काठावर टण्णकन आपटली. दादाचा चेहरा असा झाला की जणू घरातलं कुणी जिन्यावरून पडलं.

"पडली," तो म्हणाला.

"पडू दे," ठमी म्हणाली.

मी पन्नास ग्रॅम गर मोजून दिला. दादाने पाव न खाता आधी भाजी आणि अंडी खाल्ली, मग टार्ट. आता दोन तास वाट बघायची होती. वहिनीने बरण्यांची झाकणं तीनदा पुसली. मग सुई, थेंब, पट्टी. एकशे बावन्न. वहिनीने आकडा दोनदा मोठ्याने वाचला. ठमी हसत होती आणि रडत होती. दादाने ओट्यावरच्या किल्ल्या उचलून खिशात टाकल्या.

"आंबट जरा जास्त झालंय," तो म्हणाला. "उद्या भट्टी माझ्यासाठी थांबव. मी येतो."

आता तो रोज येतो. डॉक्टरीणबाई एकदा बेकरीत आल्या, त्यांनी साखरेच्या नोंदींची वही बघून मान डोलावली आणि जाताना स्वतःच्या आईसाठी दोन टार्ट बांधून घेतले. मग पेअरचा टार्ट झाला, सफरचंदाचा झाला. केळ्याचा काही जमला नाही, तो त्यांनी सोडून दिला. चपटा काटा दालचिनी मोजतो, मी फळं मोजतो. आमचं बरं चाललंय.

रोज चार वाजता दादा आपला वाटा माझ्यावर ठेवतो. परवा त्याची पाठ वळलेली बघून ठमीने हळूच एक चमचा गर वर टाकला. मी लगेच सांगितलं, मला दुसरं येतच नाही. दादाने तो चमचा काढून तिच्याच तोंडात घातला.

"एकदम पुष्कळ देऊ नकोस गं, ठमे," तो म्हणाला. "थोडं थोडं दे. पुष्कळ वर्षं दे."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरी वजनकाटा असेल तर त्याला फळीवर विसरू नका, पारडं कोरडं पुसा आणि गंमत म्हणून त्याच्यावर हात दाबू नका, आमची स्प्रिंग दुखते. आणि जे माणूस तुम्हाला पुष्कळ वर्षं जवळ हवंय, त्याला मोजून वाढा.