ब्रोनाचा डावा हात

ब्रोनाने चहाचा कप उजव्या हाताने उचलला आणि मला कळून चुकलं. माझी बहीण जन्माची डावखुरी. मंगळवारी दुसऱ्या मैदानावर शर्यतीत पडून ती घोड्याखाली आली होती. आज शनिवार, आणि ती पुन्हा घोड्यावर बसणार होती.

"खांदा?" मी विचारलं.

"हळू बोल, गाढवा."

"डॉक्टरांनी पाहिला?"

"हात वर करा म्हणाले. केला. वर हसूनही दाखवलं." तिच्या ओठांना रंग नव्हता. "सहा वर्षं असल्या घोड्याची वाट पाहतेय, फिन्टन. चुगली करायची तर जा, दार समोर आहे. नाहीतर माझ्यावर पैसे लाव आणि तोंड बंद ठेव."

मी तोंड बंद ठेवलं. ते तिच्याखातर, असं स्वतःला बजावत जिना चढलो.

वर, मैदानाच्या कडेला भाड्याने घेतलेल्या खोलीत आम्ही आठ जण बसायचो. आमचा पैजांचा धंदा शर्यत सुटल्यावर सुरू होई. घोडे धावत असताना भाव दर क्षणाला बदलतात. घरी टीव्हीसमोर बसलेल्यांना चित्र दोन श्वास उशिरा मिळतं, आणि त्या दोन श्वासांवर आमची चूल पेटते. घोडे कोणालाही दिसतात. आम्ही माणसं वाचायचो: कोणता जॉकी दम संपण्याआधीच कोपरं हलवू लागतो, कोण हरलेल्या घोड्यावरही पुतळ्यासारखा स्थिर बसून जगाला फसवतो. ब्रोनाची लिपी सगळ्यांना पाठ होती. घोड्याने उडी मारून शेवटचा अडथळा ओलांडेपर्यंत ती निश्चल; मग चाबूक डाव्या हातात येई, आणि शर्यत संपे.

"आज बहिणीवर घरदार लावणार वाटतं!" म्हातारा मॉरिस शेजारून म्हणाला. "की तिच्याच पैशांनी खेळतोस?"

"तुझ्या पेन्शनवर डोळा आहे," मी म्हणालो. सगळे हसले.

शर्यत सुटली. तिचा घोडा, स्लेट हार्बर, धुक्यातून बाहेर आला तो सगळ्यांच्या पुढे.

"बघा कशी बसलीय," मॉरिस पुटपुटला. "देवळातल्यासारखी शांत."

तिचा भाव कोसळत होता, म्हणजे तीच जिंकणार असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या शांततेवर सात जण पैसे ओतत होते. मला मात्र तिचं डावं कोपर दिसत होतं, बरगडीला घट्ट चिकटलेलं. ती शांतता नव्हती. वेदनेभोवती मिटून घेतलेलं शरीर होतं ते. थकला की हा घोडा डावीकडे झुकतो. त्याला सरळ करायला डाव्या हातातला चाबूक हवा, आणि तो हात उठणार नाही, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

मग माझ्या बोटाने बटण दाबलं. ब्रोना हरेल, यावर मी हिवाळाभराची कमाई लावली.

बोटाने, असं मी अजूनही म्हणतो.

शेवटच्या अडथळ्यापलीकडे घोडा डावीकडे कलला. उजवीकडून दुसरा जवळ येत होता. "हात बदल, पोरी!" मॉरिस ओरडला. मी मनात म्हणत होतो, नको बदलूस. तिला दुखेल म्हणून की मी बुडेन म्हणून, हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. आता येतं.

तिने चाबूक डाव्या हातात घेतला. हात वर उठला, एकदाच. घोडा सरळ झाला. ती मानेच्या अंतराने जिंकली.

अँब्युलन्समध्ये तिचा चेहरा खडूसारखा पांढरा होता. खांद्याचं हाड आता पुरतं सरकलं होतं.

"काय भावाने घेतलंस मला?"

"एकाला पाच."

"शहाणा!" ती हसली, कळ आली तशी थांबली. "तुला एकट्यालाच माहीत होतं मला किती दुखतंय. तरी लावलेस."

मी तिच्या बुटांवरचा चिखल पाहत राहिलो.

त्यानंतर ती पुन्हा शर्यतीत उतरली नाही. डॉक्टरांना सकाळीच सांगितलं असतं तर तो खांदा कदाचित वाचला असता. दर नाताळला, पाहुणे जमले की ती त्या शर्यतीची गोष्ट सांगते, पहिल्या अडथळ्यापासून, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "सगळ्यांनी घोडा पाहिला. माझ्यावर विश्वास ठेवला तो ह्याने."

मग ती भाजलेल्या बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवते, उजव्या हाताने. मी वाढून घेतो.